फ्रेंच नक्की कुठे चालते आणि कुठे नुसती नकाशात आहे?

उद्यमनगरवाला
नमस्कार मंडळी. आमचं उद्यमनगरात छोटं युनिट आहे. पिठाच्या गिरण्या, कडबाकुट्टी आणि कसावा किसायची यंत्रं बनवतो. कसावा म्हणजे ज्या कंदापासून आपला साबुदाणा होतो तो. आफ्रिकेत बऱ्याच ठिकाणी रोजचं पोटभरीचं खाणं तेच.

आतापर्यंत माल केनिया, टांझानिया, नायजेरियाला गेला. सगळं इंग्रजीत भागलं. आता सेनेगल, आयव्हरी कोस्ट, कॅमेरून, काँगो इथून चौकशा यायला लागल्यात आणि त्या झाडून सगळ्या फ्रेंचमध्ये. मोबाईलच्या भाषांतरावर काम चालवतोय, पण परवा गिऱ्हाइकानं विचारलं, तुम्ही स्वयंपाकाची भांडीपण करता का? काय भाषांतर झालं होतं देव जाणे.

ऑफिसात हिशेब बघणारी मुलगी हुशार आहे, शिकायला तयार आहे, फी आम्ही भरू. पण आमचे पार्टनर म्हणतात, नकाशावर निळा रंग दिसला म्हणजे तिथला प्रत्येक माणूस फ्रेंच बोलतो असं नाही. नेटवर कुठे २६ देश लिहिलेत, कुठे २९, कुठे ३२ कोटी लोक. मला एवढंच सांगा: तिकडच्या दुकानात, फोनवर, कस्टमच्या खिडकीवर प्रत्यक्षात काय चालतं? कुणी राहून आलंय का? की त्यापेक्षा स्पॅनिश, पोर्तुगीज, जर्मन बघावं?

तांबडा_पांढरा
जगात भारी कोल्हापुरी. त्यांनाच शिकवा. विषय संपला.

रंकाळ्याचा_वारा
३२ कोटी (नेमका ३२ कोटी १० लाख) हा फ्राँकोफोनी (फ्रेंचशी नातं असलेल्या देशांची) संघटनेचा २०२२ चा अंदाज आहे. त्यात जन्मल्यापासून फ्रेंच बोलणारेही आले आणि शाळेत शिकून कामापुरती बोलणारेही. नुसती मातृभाषा धरली तर आकडा साधारण आठ कोटींच्या आसपास येतो. आता गंमत बघा, २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख होते. म्हणजे घरातल्या भाषेचा हिशेब लावला तर आपण त्यांच्या खांद्याला खांदा लावून उभे आहोत. फरक पडतो तो दुसरी भाषा म्हणून शिकणाऱ्यांचा. मराठी दुसरी भाषा म्हणून शिकायला कोण रांग लावतंय?

२६ की २९ हा घोळ 'अधिकृत' कशाला म्हणायचं यावरून. शिवाय त्यात अलीकडे काही देश गळलेत.

तांबडा_पांढरा
@रंकाळ्याचा_वारा, म्हटलं नव्हतं? भारीच.

साखरसाहेब
मी राहून आलोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो. साखर कारखान्यात केमिस्ट होतो, आयव्हरी कोस्टच्या उत्तरेला, फर्केसेदुगूच्या बाजूला. आपल्या भागातले बरेच जण आफ्रिकेतल्या कारखान्यांवर जातात, त्यात नवल काही नाही.

कारखान्यात दिवसाच्या तीन वेळा तीन भाषा होत्या म्हणा ना. शिफ्टची वही फ्रेंचमध्ये. पॅनचं तापमान, रसाचा ब्रिक्स (गोडीचं माप), किती वाजता गाळप थांबलं आणि का, सगळं फ्रेंचमध्ये आणि फार सुबक अक्षरात. वही भरून झाली की तोच फोरमन मिलवर जाऊन ओरडायचा ते द्युलामध्ये, कारण निम्मे कामगार बुर्किना फासो आणि मालीतून आलेले, आणि त्या पट्ट्यातली बाजाराची भाषा द्युला. घरी गेला की सेनुफो. माणूस एकच.

पण हाच देश, खाली आबिजानला गेलात की चित्र पालटतं. देशात साठच्या वर भाषा, त्यातली कुठलीच सगळ्यांवर भारी नाही, त्यामुळे शहरात एकमेकांशी बोलायला फ्रेंचच उरली. भाजीवालीसुद्धा फ्रेंच बोलते. पोरं तर पहिली भाषा म्हणूनच शिकतात. ती पॅरिसची फ्रेंच नव्हे हां, तिचा बाज निराळा, आणि पोरांची नूशी नावाची बोली तर फ्रेंच माणसालाही कळत नाही.

डाकारला (सेनेगल) उलटं. तिथं वोलोफ. फ्रेंच येणारे देशात साधारण चौथा हिस्सा. दुकानाची पाटी फ्रेंच, बिल फ्रेंच, घासाघीस वोलोफमध्ये. किन्शासात (काँगोची राजधानी) लिंगाला. तेव्हा 'फ्रेंच देश' म्हणून एकच डबा करू नका. तुमचं गिऱ्हाईक आयातदार असेल तर तो फ्रेंच लिहिणार-बोलणारच, कारण शाळा, बँक, कस्टम सगळं फ्रेंचमध्ये. पण यंत्र चालवणाऱ्या बाईपर्यंत पोचायचं असेल तर तिथं फ्रेंच पुरणार नाही. तिच्यासाठी चित्रं काढा.

आणि एक. फोन उचलल्या उचलल्या 'पेमेंटचं काय झालं' विचारू नका. आधी बोंजूर, मग तब्येत, मग घरचे, मग काम. आपल्याकडं गावात 'काय पावणं, पाऊसपाणी काय म्हणतंय' करतात तेवढा वेळ द्यायचाच. नाही दिला तर माणूस उद्धट ठरतो आणि ऑर्डर दुसरीकडं जाते.

उद्यमनगरवाला
@साखरसाहेब, साहेब, हेच पाहिजे होतं. कसावा किसायचं यंत्र तिकडे चालेल का पण?

साखरसाहेब
आयव्हरी कोस्टमध्ये न चालायला काय झालं. आत्तिएके म्हणून कसाव्याचा आंबवून, किसून, वाफवलेला रव्यासारखा पदार्थ असतो, मासळीबरोबर खातात. २०२४ मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत गेला. करणाऱ्या सगळ्या बायका. किसणं हेच त्यातलं कंबरडं मोडणारं काम. गिऱ्हाईक तिथं आहे.

आत्याबाई_मंगळवारपेठ
साबुदाण्याच्या कंदाचा उपमा वारसा यादीत आणि आमची मिसळ?

तांबडा_पांढरा
आत्या, मिसळ यादीत गेली तर कट जास्तीचा मागता येणार नाही. राहू दे.

खडूस_आजोबा
मी वेगळं बोलतो, राग मानू नये. फ्रेंचचे दिवस भरत आलेत. रवांडानं २००८ मध्ये शाळा इंग्रजीवर नेल्या आणि पुढच्याच वर्षी राष्ट्रकुलात गेला. ज्याच्यावर इंग्रजांचं राज्य कधी नव्हतंच असा देश. गॅबन आणि टोगो २०२२ मध्ये गेले. अल्जीरियानं त्याच वर्षी प्राथमिक शाळेत इंग्रजी आणलं. मालीनं २०२३ च्या घटनेत फ्रेंचचा अधिकृत दर्जा काढला, बुर्किना फासोनंही तेच केलं. मार्च २०२५ मध्ये माली, बुर्किना फासो आणि नायजर तिघंही फ्राँकोफोनीतून बाहेर पडत असल्याचं सांगून मोकळे झाले. ती संघटना १९७० मध्ये कुठं स्थापन झाली? नियामेला, म्हणजे नायजरच्याच राजधानीत! ज्यांच्या अंगणात बारसं झालं त्यांनीच नाव कापलं. पोरीचं डोकं कशाला शिणवता? इंग्रजी पक्कं करून घ्या.

साखरसाहेब
@खडूस_आजोबा, बातम्या बरोबर आहेत, निष्कर्ष नाही. मालीनं फ्रेंच हाकलली नाही, 'कामकाजाची भाषा' म्हणून ठेवली. ठेवावीच लागते, कारण वकिलाची पुस्तकं, शाळेचे पेपर, कस्टमचे फॉर्म रातोरात मालीतल्या बांबारा भाषेत होत नाहीत. सरकारचा राग पॅरिसवर आहे, आणि रागाला कारणंही आहेत. पण आयातदार तुम्हाला ईमेल लिहील तो उद्याही फ्रेंचमध्येच.

दुसरं, आफ्रिकेत फ्रेंच वाढतेय ती प्रेमानं नव्हे, लोकसंख्येनं. काँगो (किन्शासा) दहा कोटींच्या वर गेलाय. सगळ्यांना फ्रेंच येत नाही, फार तर निम्म्यांना येत असेल, तरी फ्रेंच चालणाऱ्या जगातल्या शहरांत किन्शासा पॅरिसच्या पुढे धरतात.

खडूस_आजोबा
निम्म्यांना येते म्हणता आणि पॅरिसच्या पुढे धरता. हा हिशेब साखर कारखान्यातलाच दिसतोय. काट्यावर एक, पावतीवर एक.

साखरसाहेब
😄 आजोबा, काट्याचं नाव काढू नका, इथं शेतकरी सभासद बरेच आहेत.

शाहू_स्टेडियम
फ्रेंचचा नकाशा बघायचा तर फुटबॉल बघा, कशाला संघटनेचे आकडे. २००२ च्या वर्ल्ड कपचा पहिला सामना: सेनेगलनं जगज्जेत्या फ्रान्सला १-० नं लोळवलं. पापा बूबा दियोपचा गोल, मग कोपऱ्यात जाऊन जर्सी जमिनीवर टाकून तिच्याभोवती नाचले. त्या सेनेगलचा जवळपास अख्खा संघ फ्रान्सच्याच क्लबांतून खेळत होता. म्हणजे दोन्हीकडचे खेळाडू एकमेकांना शिव्या देत असतील तर बहुतेक एकाच भाषेत. अगदी आपल्या शिवाजी पेठ-मंगळवार पेठेसारखं.

एम्बापेचे वडील मूळचे कॅमेरूनचे, आईकडचं घराणं अल्जीरियाचं. २०२२ च्या सेमीफायनलला मोरोक्को विरुद्ध फ्रान्स, तिथंही तेच. मोरोक्कोत फ्रेंच अधिकृत नाही, अरबी आणि अमाझिघ आहेत, तरी बडे धंदे आणि विज्ञानाची कॉलेजं फ्रेंचमध्ये. अल्जीरिया तर फ्राँकोफोनीचा सभासदसुद्धा नाही, आणि बोलणारे मात्र ढीगभर.

तांबडा_पांढरा
वर्ल्ड कपला पेठेत झेंडे ब्राझील-अर्जेंटिनाचे लागतात भावा. मग पोर्तुगीज-स्पॅनिशच शिकायला पाहिजे. फ्रान्सचा झेंडा लावणारा गल्लीत एकच होता, त्याला सगळे प्रोफेसर म्हणायचे.

पेठेतली_मास्तरीण
मी फ्रेंच शिकवते, त्यामुळे माझं मत एकतर्फी आहे हे आधीच धरून चाला.

'फ्रेंच कुठे बोलतात' याचं उत्तर फ्रान्सबद्दलही वाटतं तितकं सोपं नव्हतं. क्रांतीनंतर १७९४ मध्ये आबे (पाद्री) ग्रेग्वार यांनी अहवाल दिला तेव्हा अडीच-पावणेतीन कोटींच्या देशात नीट फ्रेंच बोलणारे तीसेक लाख होते. बाकीचे ब्रेतन, ऑक्सितान, आल्साशियन, बास्क असं काय काय बोलत. पुढं शाळेनं आणि सैन्यानं ते बदललं, आणि शाळेत गावची भाषा बोलली म्हणून मुलांना शिक्षाही झाल्या. 'प्रजासत्ताकाची भाषा फ्रेंच आहे' हे वाक्य घटनेत आलं ते १९९२ मध्ये. म्हणजे आफ्रिकेत जे झालं त्याची तालीम आधी घरात झाली होती.

शिकणाऱ्या मुलीसाठी एक कामाची गोष्ट. आकडे देशागणिक बदलतात आणि तुमच्या धंद्यात आकड्यांनाच महत्त्व. फ्रान्समध्ये सत्तर म्हणजे 'साठ-दहा', नव्वद म्हणजे 'चार-वीस-दहा'. बेल्जियममध्ये आणि स्वित्झर्लंडमध्ये सत्तर-नव्वदला सरळ वेगळे शब्द आहेत, आणि काँगो (किन्शासा) बेल्जियमच्या ताब्यात होता म्हणून तिथंही बेल्जियमचेच. फोनवर किंमत ऐकताना गडबड होते, तेव्हा किंमत नेहमी लेखी घ्या.

आत्याबाई_मंगळवारपेठ
चार वीस दहा? आमची आजी कोंबड्या इसानंच मोजायची. दोन इसा, तीन इसा. फ्रेंच होती म्हणायची.

मॉरिशसची_सून
मी मूळची गारगोटीची, लग्नानंतर काही वर्षं मॉरिशसमध्ये होते. नवरा तिथलाच मराठी, पाच-सहा पिढ्यांपूर्वी कोकणातून गेलेलं घर.

तिथं भाषेचा मामला ऐकण्यासारखा आहे. बेट फ्रेंचांचं, १८१० मध्ये इंग्रजांनी घेतलं, पण शरणागतीच्या करारात लोकांना त्यांचा धर्म, कायदे, रीतीरिवाज ठेवू देण्याचं कबूल केलं. परिणाम असा की दीडशे वर्षं राज्य करूनही इंग्रजांची भाषा घरात शिरलीच नाही. संसदेची अधिकृत भाषा इंग्रजी, पण घटनेतच लिहिलंय की सभापतींना उद्देशून फ्रेंचमध्ये बोललं तरी चालेल. वर्तमानपत्रं बहुतेक फ्रेंच. शाळेची पुस्तकं इंग्रजी. आणि घरात, बसमध्ये, भांडणात क्रिओल, म्हणजे फ्रेंचमधूनच घडलेली तिथली बोली. माझ्या सासूबाई आरती मराठीत म्हणत, नातवाला क्रिओलमध्ये रागावत, टीव्हीवर मालिका फ्रेंच बघत आणि विजेच्या बिलाची तक्रार इंग्रजीत लिहून घेत. शाळेत मराठी हा विषय घेता येतो, पण घरात मराठी बोलणारे फार थोडे राहिलेत.

मग आता सांगा, नकाशावर या बेटाला कुठला रंग देणार?

रंकाळ्याचा_वारा
@मॉरिशसची_सून, सुंदर प्रतिसाद. शेजारचं रेयुनियों तर थेट फ्रान्सच आहे, युरो चालतो तिथं. फ्रान्सची सगळ्यात लांब जमिनीवरची सीमा कुणाशी, असं कुणाला विचारा. स्पेन, बेल्जियम म्हणतील. उत्तर ब्राझील! ७३० किलोमीटर, कारण दक्षिण अमेरिकेतलं फ्रेंच गयाना. तिथल्याच कौरूहून आपला ५,८५४ किलोचा जीसॅट-११ उपग्रह डिसेंबर २०१८ मध्ये वर गेला.

दक्षिणायन
पुदुच्चेरी राहिलं की. १९५४ मध्ये कारभार भारताकडं आला, कागदोपत्री १९६२ मध्ये. त्या वेळी ज्यांनी फ्रेंच नागरिकत्व निवडलं त्यांची घरं अजून फ्रान्सच्या निवडणुकीत तिथूनच मतदान करतात. पोलिसांच्या डोक्यावर लाल केपी टोपी, रस्त्यांना 'र्‍यू'. पण रस्त्यावर उभं राहून कान दिलात तर ऐकू येते तमिळ.

निपाणीचा_पावणा
आमच्याकडं हा विषय हसण्यावारी नेण्यासारखा नसतो, म्हणून बेल्जियमबद्दल लिहितो.

बेल्जियम म्हणजे वर डच बोलणारे फ्लेमिश, खाली फ्रेंच बोलणारे वालोन, पूर्वेला थोडे जर्मन बोलणारे, आणि मधे फ्लेमिश मुलखात बेटासारखं ब्रुसेल्स, जिथं आता फ्रेंच जास्त. १९६२-६३ मध्ये कायद्यानं भाषेची रेषा आखली. कुठलं गाव कुणाकडं यावरून इतकी भांडणं व्हायची की त्याच्या आधीच, १९६१ मध्ये, जनगणनेतून भाषेचा प्रश्नच काढून टाकला. प्रत्येक मोजणीनंतर सीमा सरकायची आणि लोक पेटायचे, म्हणून मोजायचंच नाही! तिथं आज किती लोक काय बोलतात याचा सरकारी आकडा नाही, जे आहेत ते अंदाज. सीमेवरच्या काही गावांना 'सवलतीची गावं' म्हणतात, तिथं अल्पसंख्याकांना सरकारी कागद आपल्या भाषेत मागता येतो. आमच्याकडं सीमाभागात भाषिक अल्पसंख्याकांसाठी पंधरा टक्क्यांचा नियम आहे, तोही कागदावर असाच आहे. कागद मागायला गेलं की काय होतं ते इथं लिहीत नाही.

लूव्हेनचं विद्यापीठ १९६८ मध्ये भाषेवरून फुटलं. फ्रेंच विभागाला नवं गाव वसवून जावं लागलं. ग्रंथालयाची वाटणी कशी केली ठाऊक आहे? शेल्फ क्रमांक सम असलेली पुस्तकं एकाला, विषम दुसऱ्याला. ज्ञानकोशाचे खंडसुद्धा असेच इकडे-तिकडे गेले म्हणतात. शेताच्या वाटणीत विहीर निम्मी करतात तसलाच प्रकार.

खडूस_आजोबा
@निपाणीचा_पावणा, असाच एक प्रकार कॅमेरूनमध्ये आहे. दहा प्रांतांपैकी दोन इंग्रजी, आठ फ्रेंच. २०१६ मध्ये इंग्रजी भागातल्या वकील-शिक्षकांनी आंदोलन केलं, कारण तिथल्या कोर्टांत आणि शाळांत फ्रेंचवाले नेमले जात होते. पुढं त्याचं सशस्त्र भांडण झालं, आजही मिटलेलं नाही. उद्यमनगरवाले, तुमचं कॅमेरूनचं गिऱ्हाईक कुठल्या भागातलं ते आधी बघा. तिथं इंग्रजीतही लिहून चालेल कदाचित.

तात्या_उसवाला
इथं पहिलीपासून हिंदी लादायला निघालेत त्याचं काय? त्यावर कोण बोलणार?

संचालक
तो जीआर जून २०२५ मध्ये मागे घेतला. त्यावर दोन धागे आहेत आणि दोन्ही कुलूपबंद करावे लागले. इथं नको.

तात्या_उसवाला
बरं राहिलं.

टोरांटोचा_पोरगा
कॅनडाचं कुणीच कसं लिहिलं नाही? माझ्या ओळखीतले निम्मे जण सध्या फ्रेंच शिकतायत ते यासाठीच. २०२३ पासून एक्सप्रेस एंट्रीत (कायम राहायला येणाऱ्यांची निवड) फ्रेंच येणाऱ्यांची वेगळी सोडत निघते आणि तिचा कटऑफ बाकीच्यांपेक्षा खूप खाली असतो. लागतं काय, तर लिहिणं, वाचणं, ऐकणं, बोलणं चारही गोष्टींत एनसीएलसी ७ (कॅनडाच्या फ्रेंच मोजपट्टीवरची सातवी पायरी). ते पोरखेळ नाही, साधारण बी२ च्या (ए१ ते सी२ या सहा पायऱ्यांतली चौथी) घरातलं काम आहे. परीक्षा टीईएफ किंवा टीसीएफ, निकाल दोन वर्षंच चालतो. आणि लोकांना वाटतं ही सोय क्युबेकसाठी. उलट आहे! ती क्युबेकबाहेर राहणाऱ्यांसाठी. क्युबेक आपली माणसं स्वतः निवडतं.

क्युबेकमध्ये १९७७ चा १०१ नंबरचा कायदा, पाटीपासून शाळेपर्यंत फ्रेंच. चौकातल्या लाल पाटीवर 'आरे' लिहिलेलं असतं. प्रत्यक्ष फ्रान्समध्ये त्याच पाटीवर 'स्टॉप' असतं. मॉन्ट्रियलच्या दुकानदारांनी 'बोंजूर-हाय' म्हणू नये, नुसतं बोंजूर म्हणावं, असा ठराव २०१७ मध्ये तिथल्या विधानसभेनं केला. फ्रेंच आणि इंग्रजी दोन्ही अधिकृत असलेला प्रांत मात्र एकच, न्यू ब्रन्सविक.

उद्यमनगरवाला
@टोरांटोचा_पोरगा, भावा, हळू बोल. ती पोरगी बी२ करून कॅनडाला गेली तर आमचे हिशेब कोण बघणार? फी आम्ही भरतोय.

आत्याबाई_मंगळवारपेठ
बाँड लिहून घ्या. की फ्रेंच येईल तेवढंच शिकवा, व्हिसापुरतं नको.

पेठेतली_मास्तरीण
आत्या, विद्या अशी मापानं घालता येत नाही हो. आणि जाईल तर जाऊ दे, तोवर तुमचं काम झालेलं असेल.

न्यू_पॅलेसच्या_मागं
अवांतर: फ्रेंचवर इतकं चाललंय तर इटालियनही असू दे. आपले राजाराम महाराज इंग्लंडहून परतताना १८७० मध्ये फ्लॉरेन्सला गेले (वारले). तिथं कास्सिने बागेत त्यांची छत्री आहे. इटालियन फारशी पसरली नाही, इटली, स्वित्झर्लंडचा तिचिनो, सान मारिनो, व्हॅटिकन, झालं. पण कोल्हापूरच्या माणसाला एकदा तरी जावंसं वाटेल असं ठिकाण तिथं आहे.

आयटीआय_कागल
जर्मनबद्दल: महाराष्ट्र सरकारनं २०२४ मध्ये बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल कामगार पाठवायचा करार केला, तेव्हापासून आमच्याकडं जर्मनची चौकशी वाढलीय. फिटर, इलेक्ट्रिशियन, नर्सिंगवाले. नोकरीसाठी जर्मन ठीक, पण जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंडचा मोठा भाग आणि आजूबाजूचा थोडा पट्टा एवढ्यातच संपते. गिरणी विकायला तिथं कोण बसलंय?

एलसीवाले_काका
बँकेत परकीय व्यवहार बघत होतो, आता निवृत्त. भाषेच्या नादात पैशाची बाजू राहिली.

या देशांतल्या चौदा ठिकाणी सीएफए फ्रँक चालतो. पश्चिमेकडं आठ देश, मध्य आफ्रिकेत सहा. दोन्ही चलनं युरोला बांधलेली आहेत, एका युरोला ६५५.९५७. वर्षानुवर्षं हाच भाव. जानेवारी १९९४ मध्ये मात्र एका झटक्यात किंमत निम्मी केली होती, तेव्हा आयातदार उताणे पडले. म्हणजे तुम्ही कोटेशन युरोत दिलंत तर गिऱ्हाइकाला त्याच्या चलनात किती पडेल ते लगेच कळतं. डॉलरमध्ये दिलंत तर जोखीम त्याच्या गळ्यात. काँगो (किन्शासा) मात्र यात नाही, तिथं त्यांचा स्वतःचा फ्रँक आणि बाजारात सर्रास डॉलर. नदीच्या पलीकडचा काँगो (ब्राझाव्हिल) सीएफएमध्ये आहे. दोन्हीकडं फ्रेंच, पण बँकेचे कागद वेगळे.

तीन गिनींमध्ये तर आमच्या शाखेतले भलेभले अडकायचे. नुसतं गिनी: फ्रेंच, पण सीएफए नाही, कारण १९५८ मध्ये फ्रान्सच्या द गॉलच्या सार्वमतात 'नाही' म्हणून बाहेर पडले. गिनी-बिसाऊ: पोर्तुगीज, पण सीएफए आहे. इक्वेटोरियल गिनी: आफ्रिकेतला स्पॅनिश अधिकृत असलेला स्वतंत्र देश, तिथंही सीएफए आणि पुढं फ्रेंचही अधिकृत करून घेतली. वर चौथं पापुआ न्यू गिनी, ते तर ऑस्ट्रेलियाजवळ आणि तिथं आठशेच्या वर भाषा. एका निर्यातदारानं फॉर्मवर नुसतं 'गिनी' लिहिलं आणि कागद भलत्याच देशाच्या बँकेत जाऊन बसले. पैसे सुटायला सणासुदीचा हंगाम उलटला. नायजर-नायजेरियाचंही तेच. पहिला फ्रेंच, दुसरा इंग्रजी, नावात एक-दोन अक्षरांचाच फरक.

आणि करार. ओहाडा नावाची व्यवस्था आहे, सतरा देशांचे व्यापारी कायदे एकसारखे. करार झाला १९९३ मध्ये पोर्ट लुईला (मॉरिशस स्वतः त्यात नाही, नुसता मांडव त्यांचा). नंतर इंग्रजी, स्पॅनिश, पोर्तुगीजही कामाच्या भाषा झाल्या, पण अर्थावरून वाद झाला तर फ्रेंच मजकूर खरा धरतात. यासाठी तरी ऑफिसात कागद वाचणारा एक माणूस पाहिजे.

रंकाळ्याचा_वारा
@एलसीवाले_काका, हा प्रतिसाद धाग्याच्या वर चिकटवून ठेवा कुणीतरी.

शाहू_स्टेडियम
चौथी गिनी फुटबॉलमध्ये कच्ची आहे एवढंच मला माहीत.

खडूस_आजोबा
काकांच्या प्रतिसादानंतर मी थोडा मऊ झालोय. वाचणारा एक माणूस पाहिजे, मान्य. पण 'वाचणारा' म्हटलंय, बोलणारा नाही. त्याला वर्ष-दीड वर्ष लागत नाही. आधी कागद वाचायला शिकवा, वाइनची नावं उच्चारायला नंतर.

पेठेतली_मास्तरीण
@खडूस_आजोबा, वाचणं आधी येतं हे खरं, पण साखरसाहेबांनी लिहिलंय ना, फोनवर बोंजूर आणि घरची चौकशी? ते कागदात सापडत नाही. माझा सल्ला असा: डेल्फ या फ्रेंचच्या परीक्षेची ए२ पर्यंत रीतसर तयारी, ते प्रमाणपत्र कायमचं राहतं. सोबत पहिल्या दिवसापासून तुमचेच ईमेल आणि प्रोफॉर्मा इनव्हॉइस घेऊन बसायचं. पुस्तकातला धडा विमानतळावर सुरू होतो आणि कॅफेत संपतो. तुमच्या मुलीला मोटर, पट्टा, बेअरिंग, व्होल्टेज आणि 'माल निघाला' हे शब्द आधी लागतील.

आणि ऐकायला पॅरिसच्या बातम्यांसोबत आबिजान-डाकारचे रेडिओही लावा. कान तिकडच्या उच्चारांना बसले पाहिजेत.

साखरसाहेब
मास्तरीणबाईंशी शंभर टक्के सहमत. मॅन्युअलबद्दल एक भर: फ्रेंच भाषांतर करून घ्या, पण दोन पानांचं. मधे मोठी आकृती, बाण आणि आकडे. हात कुठं घालायचा नाही तिथं लाल हात काढा. आमच्या कारखान्यात फ्रेंच पुस्तिका ऑफिसच्या कपाटात असायची आणि मशीनवर चिकटवलेलं चित्र सगळे बघायचे. आणि डिझेल इंजिनचा पर्याय ठेवा, गावात वीज असेलच असं नाही.

उद्यमनगरवाला
सगळ्यांचे आभार, चर्चा एवढी होईल वाटलं नव्हतं. पार्टनरना हा धागा दाखवला. ते म्हणाले, मी तेच म्हणत होतो. मीही म्हणालो, मी पण तेच म्हणत होतो.

ठरलं असं: मुलीचा ए१ चा ऑनलाइन वर्ग सुरू करायचा. सुरुवात आयव्हरी कोस्टपासून, कारण कसाव्याचं गिऱ्हाईकही तिथं आणि फ्रेंच रस्त्यापर्यंत उतरलेलीही तिथं. कोटेशन युरोत. सेनेगलसाठी तिथला स्थानिक एजंट बघतोय, वोलोफ त्याची त्यानं बोलावी. कॅमेरूनच्या माणसाला पत्ता विचारला, तो निघाला बामेंडाचा, म्हणजे इंग्रजी भागातला! आम्ही त्याला आजवर मोबाईलवरून फ्रेंचमध्ये उत्तरं देत होतो आणि तो बिचारा मुकाट्यानं वाचत होता.

तांबडा_पांढरा
त्याला आधी पांढरा रस्सा पाठवा, माफी म्हणून.

नवा_सभासद_इचलकरंजी
धागा आता वाचला. आमचं यंत्रमागाच्या सुट्या भागांचं काम आहे, मोझांबिकहून चौकशी आलीय. तिथं पण फ्रेंचच का?

एलसीवाले_काका
नाही, मोझांबिक आणि अंगोला पोर्तुगीज. मोझांबिकच्या चलनाचं नाव मेटिकल, सीएफएशी संबंध नाही. वेगळा धागा काढा, गोव्यातले दोघं-तिघं इथं आहेत, त्यांना हाक मारतो.